जुळ्यांच्या गरोदरपणात आधी विचारावे : वार एक की दोन?

सोनोग्राफीत जुळे दिसले ही बातमी घरी पोहोचली की मराठवाड्यातल्या बऱ्याच घरांत पहिला प्रश्न ‘दोन्ही मुलगेच का?’ असा येतो आणि दुसरा ‘नॉर्मल होईल ना?’ असा. पहिल्याचे उत्तर देणे हा गुन्हा आहे, आणि दुसऱ्याचे उत्तर त्या दिवशी कोणाजवळच नसते. ज्या प्रश्नाचे उत्तर त्याच दिवशी, त्याच यंत्रावर, काही मिनिटांत मिळू शकते आणि ज्यावर पुढचे सगळे महिने अवलंबून असतात, तो मात्र क्वचितच कोणी विचारते : दोन्ही बाळांची वार, म्हणजे पोटात बाळाला पोसणारी प्लॅसेंटा, वेगवेगळी आहे की एकच? ही मार्गदर्शिका त्या प्रश्नापासून सुरू होते. ती गर्भवती आणि तिच्या घरच्यांसाठी आहे, तशीच तिची नोंद ठेवणाऱ्या आशाताई, एएनएम सिस्टर आणि ग्रामीण रुग्णालयात नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरांसाठीही आहे. यात आलेले औषधांचे उल्लेख स्वतःहून औषध घेण्यासाठी नाहीत. काय दिले जाते आणि काय विचारायचे हे कळावे, एवढ्यासाठीच आहेत.

चौदा आठवड्यांच्या आतली सोनोग्राफी

जोडकेळे खाल्ले म्हणून जावळे झाले, असे आजही आपल्याकडे म्हटले जाते. प्रत्यक्षात जुळे दोन प्रकारे होते. एकाच महिन्यात दोन बीजे सुटून दोन्ही फळली, तर दोन वेगळी भावंडे एकाच वेळी वाढतात. आईचे वय जास्त असणे, तिच्या माहेरी असा इतिहास असणे किंवा बीज तयार होण्यासाठी दिलेल्या गोळ्या-इंजेक्शने ही त्यामागची कारणे असू शकतात. दुसऱ्या प्रकारात एकच फळलेले बीज दुभंगते. हे जगभर साधारण १,००० जन्मांमागे तीन-चार वेळा घडते आणि त्याचा खाण्यापिण्याशी काही संबंध नाही. बीज पहिल्या तीन दिवसांत दुभंगले, तर दोन्ही बाळांना स्वतंत्र वार आणि स्वतंत्र पाणपिशवी मिळते. चौथ्या ते आठव्या दिवसादरम्यान दुभंगले, तर वार एकच असते, पण पिशव्या दोन असतात. त्यानंतर दुभंगले, तर वारही एक आणि पिशवीही एक, आणि दोन्ही नाळा एकाच पाण्यात तरंगतात. म्हणून ‘मुले एकसारखी दिसतील का’ हा प्रश्न वेगळा आणि ‘वार किती’ हा वेगळा. एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश जोड्यांच्या वारा वेगळ्या असतात.

हे ठरवण्याची उत्तम वेळ म्हणजे अकरा आठवड्यांपासून तेरा आठवडे सहा दिवसांपर्यंत. या काळात दोन बाळांमधला पडदा वारेला जेथे मिळतो, तेथे त्रिकोणी पाचर दिसली तर वारा दोन समजाव्यात, आणि पातळ पडदा काटकोनात सरळ येऊन चिकटलेला दिसला तर वार एक. पुढे ही खूण पुसट होत जाते आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात पहिल्यांदा तपासणीला आलेल्या बाईबद्दल कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. तेव्हा अहवालात ‘जुळा गर्भ, दोन्हीचे ठोके चांगले’ एवढेच लिहून आले असेल, तर नम्रपणे परत जावे आणि वारेची व पडद्याची नोंद मागून घ्यावी. ती माता बाल संरक्षण कार्डावर मोठ्या अक्षरांत उतरवावी. त्याच वेळी बाळांची ओळखही ठरवून घ्यावी : डावीकडचे आणि उजवीकडचे, किंवा खालचे आणि वरचे. पुढच्या प्रत्येक अहवालात तीच ओळख पाळली गेली नाही, तर कोणत्या बाळाची वाढ खुंटली आहे हे समजायलाच मार्ग राहत नाही. वारेचा निर्णय होत नसेल, तर शहाणपणाचा नियम असा की ती एकच आहे असे धरून चालावे.

ही सोनोग्राफी खिशाला जड जात असेल, तर प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. जुळ्यांची आई तेथे जोखमीची माता म्हणून नोंदवली गेली पाहिजे.

वार एकच असेल तर

वारा दोन असतील तर दर चार आठवड्यांनी सोनोग्राफी पुरते. वार एक असेल तर सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी ती करावीच लागते, आणि हा नियम शिथिल करण्याची सोय नाही. एका वारेतील रक्तवाहिन्या दोन्ही बाळांना जोडतात. एका विहिरीवर दोन घरांचे पाणी असावे आणि एकाच घराने मोटार लावावी, तसे काहीसे होते : एका बाळाकडून दुसऱ्याकडे रक्त झुकते, देणारे सुकते, त्याच्या भोवतीचे पाणी आटते आणि पडदा त्याला चिकटून बसतो, घेणारे फुगते, त्याची पिशवी तुंबते आणि त्याच्या हृदयावर ताण येतो. वार एक व पिशव्या दोन असलेल्या जुळ्यांपैकी शंभरात दहा ते पंधरा जोड्यांत हे घडते, आणि बहुतेकदा सोळा ते सव्वीस आठवड्यांच्या दरम्यान. चार-आठ दिवसांत पोट अचानक वाढणे, ते ताठ होणे, आडवे पडले की धाप लागणे ही त्याची बाहेरून दिसणारी लक्षणे आहेत. ‘जावळं आहे, पोट मोठं दिसणारच’ असे म्हणून ती सोडून देणे ही घरातली सर्वांत महाग चूक ठरते.

यावरचा मुख्य उपचार म्हणजे गर्भाशयात दुर्बीण घालून त्या जोडणाऱ्या वाहिन्या लेसरने बंद करणे. नुसते जास्तीचे पाणी वारंवार काढण्यापेक्षा लेसरने बाळे अधिक वाचतात आणि त्यांच्या मेंदूला इजा कमी होते, हे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील चाचणीने दाखवले. हा उपचार मोजक्या मोठ्या शहरांतील केंद्रांतच होतो, त्यामुळे आपल्या आठ जिल्ह्यांतील कुटुंबाला बहुधा मुंबई-पुण्याचा किंवा हैदराबादचा रस्ता धरावा लागतो. अनुभवी हातांतही दोन्ही बाळे वाचतीलच असे नाही. म्हणून वार एक असल्याचे कळताच, काहीही बिघडलेले नसताना, डॉक्टरांना तीन गोष्टी विचारून ठेवाव्यात : तसे झाल्यास मला कोठे पाठवाल, तेथे कोणाशी बोलाल आणि साधारण किती खर्च येईल? पोट फुगल्यावर ही चौकशी सुरू केली, तर हातात असलेले दोन-चार दिवस फोन करण्यातच जातात.

वारही एक आणि पिशवीही एक, हा प्रकार विरळा पण सर्वांत अवघड. नाळा एकमेकींत गुंतत असल्याने अशा गर्भवतीला मोठ्या रुग्णालयातच सांभाळावे आणि साधारण बत्तीस ते चौतीस आठवड्यांच्या दरम्यान सिझर करून बाळे काढावीत, असे सांगितले जाते.

आईच्या अंगावरचा भार

दोन बाळांचे रक्त एकाच आईतून तयार होते. देशात निम्म्याहून अधिक गर्भवती रक्तक्षयी असल्याचे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसले. त्यात जुळ्यांची भर पडली की हिमोग्लोबिन वेगाने घसरते. लोहाच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून चुकवू नयेत, पाचव्या-सहाव्या महिन्यात हिमोग्लोबिन पुन्हा तपासावे, आणि गोळ्या पोटात ठरत नसतील किंवा वेळ कमी असेल तर शिरेतून लोह देण्याबद्दल विचारावे. ‘जास्त खाल्लं तर बाळ मोठं होऊन बाळंतपण जड जाईल’ या समजुतीने सुनेचा हात आखडून धरणाऱ्या घरांना येथे स्पष्ट सांगितले पाहिजे की जुळी मोठी होऊन अडण्यापेक्षा लहान राहून नवजात कक्षातल्या काचेच्या पेटीत (इनक्युबेटर) जाण्याची भीती कितीतरी अधिक आहे. वजन आधी योग्य असलेल्या बाईचे या गरोदरपणात सतरा ते पंचवीस किलो वाढणे अपेक्षित मानले जाते. आपल्याकडे ते क्वचितच गाठले जाते. ज्वारीची भाकरी आहेच, तिच्याबरोबर वरण, उसळ, शेंगदाणे, दूध, आणि चालत असेल तर रोज अंडे, असे दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे खावे.

रक्तदाब वाढण्याचा धोका एकट्या बाळाच्या मानाने बराच जास्त असतो. पहिलटकरीण, पस्तिशी-चाळिशी ओलांडलेली, आधी बीपी वाढलेली किंवा लठ्ठ अशी आई असेल, तर बारा आठवड्यांपासून रोज ७५ ते १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन द्यावे का, हे डॉक्टर ठरवतात. तिने ते विचारावे. डोके ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी, बेंबीच्या वर दुखणे, चेहऱ्यावर सूज : यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी बीपी मोजून घ्यावा. तळहात-तळपायांना रात्री खाज सुटली तर ती उन्हाळ्याची समजू नये. यकृताची तपासणी करावी. साखरेसाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात आणि १४० किंवा त्याहून अधिक आकडा आल्यास मधुमेह धरतात.

दोन बाळांचे हित नेहमी एक नसते

येथपर्यंतचे सारे कष्टाचे असले तरी सरळ आहे. अवघड भाग यापुढे येतो, कारण एकाच पोटातल्या दोन जिवांपैकी एकाच्या भल्याची गोष्ट दुसऱ्याच्या तोट्याची असू शकते, आणि दोन्हींचा भार पेलणारी तिसरी व्यक्ती, म्हणजे आई, बहुतेकदा बोलतच नसते.

समजा सत्ताविसावा आठवडा आहे. एक बाळ किलोभराचे आणि ठणठणीत आहे; दुसरे जेमतेम सहाशे ग्रॅमचे असून त्याच्या नाळेतला रक्तप्रवाह अडखळतो आहे. आज सिझर केले तर लहान्याला कदाचित संधी मिळेल, पण जे तीन-चार आठवड्यांनी आरामात जगले असते, तेही पेटीत जाईल. थांबले तर लहाने पोटातच जाऊ शकते. अशा वेळी वारेचा प्रश्न पुन्हा समोर उभा राहतो. वारा दोन असतील, तर एकाच्या जाण्याने दुसऱ्याला सहसा थेट इजा होत नाही, म्हणून मोठ्यासाठी थांबण्याला भक्कम वैद्यकीय आधार असतो. वार एक असेल, तर एकाचा मृत्यू होताच दुसऱ्याचे रक्त त्याच्याकडे ओढले जाऊन तेही दगावू शकते किंवा त्याच्या मेंदूला कायमची इजा होऊ शकते. तेथे थांबण्याचे गणितच उलटे होते. जे कुटुंब ‘वार किती’ हे जाणत नाही, त्याला हा निर्णय समजावून सांगताच येत नाही.

या प्रसंगी डॉक्टरांनी आईला ‘कोणतं वाचवू?’ असे विचारू नये. तो प्रश्न क्रूर आहेच, शिवाय बहुतेक वेळा चुकीचाही असतो, कारण प्रत्यक्षात ठरवायचे असते ते ‘आणखी किती दिवस थांबायचे आणि कोणते लक्षण दिसले की थांबायचे नाही’ हे. बालरोगतज्ज्ञांना बाळंतपणाआधीच बोलवावे. आपल्या कक्षात या वजनाची बाळे किती जगतात हे त्यांनी खरे सांगावे, परदेशातले आकडे सांगू नयेत. बोलणे एकदा करून थांबू नये. पहिल्या दिवशी ऐकलेले घरच्यांना दुसऱ्या दिवशी निम्मेही आठवत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा, शांतपणे आणि मराठीत सांगावे. घरात लमाणी किंवा दखनी बोलली जात असेल, तर ती येणारी सिस्टर सोबत घ्यावी. जे ठरले ते कागदावर लिहावे, आणि आईने मत बदलले तर तेही लिहावे.

एका बाळात गंभीर व्यंग आढळले, तर तीन वाटा असतात : दोन्ही वाढू देणे, व्यंग असलेल्या बाळाचा गर्भ थांबवणे, किंवा सगळे गरोदरपण संपवणे. वारा वेगळ्या असतील तर त्या बाळाच्या हृदयात औषध देऊन गर्भ थांबवता येतो. वार एक असेल तर ते औषध दुसऱ्यापर्यंत पोहोचू शकते, म्हणून तसे मुळीच करता येत नाही. नाळेचा प्रवाह बंद करण्याची वेगळी, अधिक जोखमीची पद्धत वापरावी लागते. गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. वीस ते चोवीस आठवड्यांत ठरावीक गटांतील स्त्रियांसाठी दोघांचे लागते. त्यानंतर गर्भात लक्षणीय व्यंग असल्यासच वैद्यकीय मंडळाकडे जाता येते आणि मंडळाने तीन दिवसांत मत द्यायचे असते. संमती फक्त स्त्रीची लागते. ती सज्ञान असेल तर नवऱ्याची किंवा सासूची सही कायदा मागत नाही. तरी ती मागितली जाते. यात डॉक्टरांची भीती मला समजते, कारण उद्या तोडफोड झाली तर कायद्याचे पुस्तक आडवे येत नाही. पण या भीतीची किंमत त्या बाईने का मोजावी, याचे उत्तर मला सापडलेले नाही. नातेवाइकांना माहिती द्यावी, तिची इच्छा असेल तेवढीच. आणि तिच्याशी एकदा तरी एकटीशी, दार लावून बोलावे.

एक मुलगा, एक मुलगी

याबद्दल स्पष्ट लिहिणे भाग आहे. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या १,००० मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. ज्या प्रदेशाने हा आकडा पाहिला, तेथे ‘दोघांपैकी एक कमी करता येतं म्हणे’ हे अर्धवट ज्ञान धोक्याचे आहे. गर्भसंख्या कमी करणे हा तिळ्यांसारख्या जोखमीच्या गरोदरपणातील, साधारण अकरा ते चौदा आठवड्यांत केला जाणारा वैद्यकीय उपाय आहे. त्यात लिंग पाहून निवड करणे हा गर्भधारणापूर्व आणि प्रसवपूर्व निदानतंत्र कायद्याखाली (१९९४, दुरुस्ती २००३) गुन्हा आहे. आईच्या रक्तावरून गुणसूत्रे तपासणाऱ्या चाचणीचाही ‘निदान एक मुलगा तरी आहे का’ हे शोधण्यासाठी वापर करता येत नाही. जो कोणी असे सुचवील, त्याच्याकडे पुन्हा पाऊल टाकू नये.

याच्या आधीची पायरीही पाहिली पाहिजे. ‘एकाच बाळंतपणात दोन होऊ द्या, मग ऑपरेशन करून मोकळी’ म्हणून बीज वाढवण्याच्या गोळ्या मागणारी जोडपी असतात आणि सोनोग्राफी न करता त्या लिहून देणारेही असतात. लग्नाला चार वर्षे होऊन पाळणा हललेला नाही, अशा बाईला गावात काय ऐकावे लागते हे माहीत असल्यावर तिच्या घाईला दोष देता येत नाही. दोष जातो तो तिच्या घाईवर दुकान चालवणाऱ्याकडे. टेस्ट ट्यूब उपचारात एका वेळी एकच भ्रूण ठेवावा, असे डॉक्टरांनी सुचवले तर तो कंजूषपणा समजू नये. जुळे टाळण्याची ती सर्वांत खात्रीची वाट आहे.

कोयत्याच्या हंगामात

दसरा-दिवाळी झाली की बीड, जालना, परभणी, धाराशिवकडच्या ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकच्या फडांवर जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते ती जोडप्याच्या नावावर. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघे. बायको थांबली तर कोयता अर्धा होतो आणि उचल अंगावर राहते. अशा बाईला ‘विश्रांती घ्या, दर पंधरा दिवसांनी या’ असे सांगून कार्डावर सही करणे म्हणजे तिला काहीच न सांगणे होय.

निघण्याआधी करता येण्याजोग्या गोष्टी अशा : तिचे कार्ड आणि सर्व अहवाल प्लास्टिकच्या पिशवीत तिच्याजवळ द्यावेत आणि त्यांचे फोटो नवऱ्याच्या मोबाईलवर ठेवावेत. कोणत्या कारखान्याच्या परिसरात टोळी उतरणार हे विचारून तेथील सर्वांत जवळचे ग्रामीण व जिल्हा रुग्णालय कार्डावर लिहावे. तेथील आशाताईंना किंवा आरोग्य केंद्राला फोन करून ‘जुळ्यांची आई येत आहे, वार एक’ एवढे कळवावे. मोळी उचलून ट्रकवर चढणे तिने करू नये, हे मुकादमाला डॉक्टरांनी स्वतः फोनवर सांगितले तर अधिक ऐकले जाते. वार एक असेल, तर तिला घरी ठेवण्यासाठी घरच्यांशी उचलेचा हिशेब मांडून बोलावे. नुसता ‘जाऊ नका’ हा सल्ला ऐकला जात नाही, आणि तो न ऐकणाऱ्यांना अडाणी म्हणणे हा आपला अडाणीपणा ठरतो.

एक अपेक्षा मात्र खोडून काढावी लागते. सतत आडवे पडून राहिल्याने जुळ्यांची अवेळी प्रसूती टळत नाही, आणि गर्भाशयाच्या तोंडाला सरसकट टाका घातल्यानेही टळत नाही. गर्भाशयाचे तोंड आखूड झालेले सोनोग्राफीत दिसले, तर उपचाराचा विचार वेगळा करतात. अवजड कष्ट टाळायचे. अंथरूण धरायचे नाही.

सातवा महिना, आठवा महिना

जुळ्यांपैकी निम्म्याहून अधिक सदतीस आठवड्यांच्या आत जन्मतात. ‘सातमाशी जगतं, आठमाशी जगत नाही’ ही म्हण या ठिकाणी घात करते, कारण तिच्यावर विश्वास ठेवणारे घर सातव्यात कळा आल्या तरी निवांत राहते आणि आठव्यात आल्या तर आशा सोडते. पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाची ताकद वाढवतो; आठमाशी बाळ सातमाशीपेक्षा बळकटच असते.

पहिले बाळंतपण माहेरी आणि डोहाळेजेवण सातव्यात, ही रीत जुळ्यांच्या बाबतीत थोडी बदलावी. जायचेच असेल तर विसाव्या-चोविसाव्या आठवड्यातच जावे आणि तेथील रुग्णालयात लगेच नाव घालावे. मधेच रुग्णालय बदलले की वाढीचा आलेख तुटतो. अठ्ठावीस आठवड्यांनंतर नवजात कक्षापासून तासाभराहून दूर मुक्काम नसावा, असा माझा आग्रह असतो.

पोट राहून राहून आवळणे, कंबर दुखणे, पाणी किंवा रक्त जाणे यांपैकी काही झाले, तर १०२ किंवा १०८ ला फोन करावा आणि ‘जुळे आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगावे. चौतीस आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या तर बाळांची फुप्फुसे पिकावीत म्हणून आईला डेक्सामेथासोनची ६ मिलिग्रॅमची चार इंजेक्शने बारा-बारा तासांनी देतात. पहिले इंजेक्शन पुढे पाठवण्याआधी आरोग्य केंद्रातच देता येते, आणि ते दिले गेले का हे नातेवाइकांनी चिठ्ठीवर पाहावे. बत्तीस आठवड्यांच्या आत प्रसूती होणार असेल, तर बाळांच्या मेंदूच्या रक्षणासाठी मॅग्नेशियम सल्फेटही दिले जाते. या इंजेक्शनांसाठी मिळालेला एक दिवस पुष्कळदा नंतरच्या महागड्या उपचारांपेक्षा अधिक काम करतो.

बाळंतपण कोठे आणि कसे

जुळ्यांचे बाळंतपण उपकेंद्रात किंवा ठरवून प्राथमिक आरोग्य केंद्रात करू नये. रात्रीही भूलतज्ज्ञ, रक्त आणि दोन बाळांसाठी दोन स्वतंत्र हात मिळतील अशी जागा हवी : जिल्हा स्त्री रुग्णालय, संभाजीनगरचे घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, नांदेड किंवा लातूरचे शासकीय महाविद्यालय, किंवा तशी सोय असलेले खासगी रुग्णालय. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात सिझर, औषधे, रक्त आणि ने-आण मोफत आहे.

सर्व ठीक असल्यास वारा दोन असताना सदतीस आठवड्यांच्या सुमारास आणि वार एक असताना छत्तीसच्या सुमारास प्रसूती करवतात. जुळे म्हणजे सिझरच, असे नाही. पहिल्या बाळाचे डोके खाली असेल तर ठरवून सिझर केल्याने बाळांचा धोका कमी होत नाही, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीने दाखवले. पहिले बाळ पायाळू किंवा आडवे असेल तर मात्र सिझरच करतात. खरी कसोटी दुसऱ्या बाळाच्या वेळी लागते. ते ऐनवेळी आडवे होऊ शकते, म्हणून त्याला वळवून काढण्याचा सराव असलेला डॉक्टर आणि तयार शस्त्रक्रियागृह नसेल, तर सिझरचा निर्णय प्रामाणिक ठरतो.

वाटेत किंवा केंद्रातच प्रसूती झाली, तर एक चूक कटाक्षाने टाळावी. पहिले बाळ बाहेर आले की लगेच ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देण्याची हाताला सवय असते. आधी पोटावर हात ठेवून आत दुसरे बाळ नाही ना, याची खात्री करावी. ते आत असताना इंजेक्शन दिले तर गर्भाशय त्याच्याभोवती आवळते. दुसरे बाळ जन्मल्यावर मात्र ते विनाविलंब द्यावे, कारण ताणलेले गर्भाशय सैल पडून रक्त वाहण्याचा धोका जुळ्यांत अधिक असतो.

पेटी एक, बाळे दोन

दोन्ही बाळांना काचेत ठेवावे लागले की घरातला पैसा आणि कक्षातल्या जागा, दोन्ही एकदम अपुऱ्या पडतात. जागा एकच असेल तर ती कोणाला द्यायची हे बाळाची गरज आणि त्याला होऊ शकणारा लाभ पाहून ठरते. आधी कोण जन्मले किंवा मुलगा कोण, यावरून नाही. ‘मुलीला घरी नेतो, मुलाचा इलाज चालू ठेवा’ असे सांगणारे वडील प्रत्येक नवजात कक्षाने पाहिलेले असतात. त्यांच्यापुढे सल्ल्याविरुद्ध घरी नेण्याचा कागद सरकवण्याआधी सरकारी कक्षातील जागा, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो का, आणि समाजसेवा अधीक्षकांमार्फत मिळू शकणारी मदत, हे सर्व तपासावे. बऱ्याचदा मुलीचा प्रश्न पैशाचा म्हणून मांडलेला असतो आणि पैशाची वाट दाखवली की तो मुलगी असण्याचा आहे की नाही, हे आपोआप कळते.

एक बाळ घरी आणि एक कक्षात अशी वेळ आली तर आईला घरी पाठवू नये. तिचे दूध आणि तिची छाती दोन्ही औषधे आहेत. कमी वजनाच्या बाळांना उघड्या छातीशी धरून ठेवणे दिवसातून जितके तास जमेल तितके करावे. दोन बाळे असतील तर वडील, आजी, मावशी यांनीही पाळी घ्यावी. बाप्यांना याची लाज वाटते, ती दोन दिवसांत जाते. दूध दोघांना पुरते, फक्त सुरुवातीला दर दोन-तीन तासांनी पाजत किंवा पिळत राहावे लागते.

एक बाळ गेले असेल तर ‘एक तरी हाती लागलं ना’ असे आईला म्हणू नये. तिला हवे असल्यास त्याला पाहू द्यावे, नाव ठेवायचे असल्यास ठेवू द्यावे, आणि जगलेल्या बाळाच्या कागदांवर ‘जुळ्यांपैकी पहिले’ किंवा ‘दुसरे’ ही नोंद पुसू नये. वार एक असताना दुसरे पोटातच गेले असेल, तर जगलेल्या बाळाच्या मेंदूची तपासणी आणि पुढे दोन वर्षे त्याच्या वाढीवर लक्ष, हे दोन्ही त्या नोंदीवरून ठरते.

घरी सोडताना कार्डावर आणखी एक तारीख लिहून घ्यावी, जी सर्वाधिक विसरली जाते. चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोहून कमी वजनाच्या प्रत्येक बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मानंतर तीस दिवसांच्या आत नेत्रतज्ज्ञांकडून तपासला गेला पाहिजे. अठ्ठावीस आठवड्यांच्या आत किंवा १,२०० ग्रॅमहून कमी असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. बाळ डोळे उघडून बघते आहे, यावर विसंबू नये, कारण बिघाड बाहेरून दिसत नाही. दोघांपैकी एकाचा पडदा चांगला निघाला म्हणून दुसऱ्याची तपासणी टाळू नये.